रामसेतू आणि जहाजांची वाट

आज चैत्र शुद्ध नवमी. माध्यान्ही सूर्य डोक्यावर येईल, गावोगावच्या मंदिरांतून कीर्तनकार रामजन्माचे आख्यान लावतील, पाळणा हलेल आणि सुंठवड्याचा प्रसाद हाती पडेल. हा आनंद तर आहेच. परंतु ज्या प्रभूचा जन्म आपण आज साजरा करतो, त्याच्या चरित्राशी निगडित असा एक प्रश्न गेली कित्येक वर्षे न्यायालये, विधिमंडळे आणि वृत्तपत्रे यांतून फिरत आहे. रामेश्वरजवळच्या उथळ समुद्रातून जहाजांसाठी कालवा काढावा की नाही, आणि काढावयाचा तर तो रामसेतू छेदून काढावा काय, हा तो प्रश्न. सणाच्या दिवशी वादाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु नारदांच्या गादीची रीतच अशी आहे की पूर्वरंगात सिद्धान्त मांडावा आणि उत्तररंगात त्याचा जीवनाशी सांधा जुळवून दाखवावा. आजच्या लेखाचा हेतू एवढाच आहे.

प्रश्नाचे मूळ

भारताचे दक्षिण टोक आणि श्रीलंका यांच्यामध्ये जो चिंचोळा समुद्र आहे, त्याचे उत्तरेकडील अंग पाल्कचा उपसागर आणि दक्षिणेकडील अंग मन्नारचे आखात. या दोहोंच्या मध्ये, रामेश्वर बेटावरील धनुष्कोडीपासून श्रीलंकेच्या मन्नार बेटावरील तलाईमन्नारपर्यंत, सुमारे ३० किलोमीटर लांबीची वाळूच्या व चुनखडीच्या उथळांची एक माळ पसरली आहे. काही ठिकाणी पाणी जेमतेम एक-दोन मीटर खोल. हाच आपला रामसेतू. इंग्रजी नकाशांवर त्यालाच ‘अ‍ॅडम्स ब्रिज’ म्हटले आहे. या उथळांवरून मोठे जहाज जाऊ शकत नाही. त्यामुळे मुंबई, कोची किंवा तुतिकोरिनहून चेन्नई-कोलकात्याकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांना सबंध श्रीलंकेला वळसा घालावा लागतो.

हा वळसा वाचविण्याची कल्पना आजकालची नव्हे. १८६० साली टेलर नावाच्या एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याने ती प्रथम मांडली आणि पुढे साठ वर्षांत अशा अनेक योजना कागदावर आल्या आणि कागदावरच विरल्या. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली सर रामस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या समितीने कालव्याची कल्पना उचलून धरली. मात्र खुद्द सेतूच्या उथळांतून वाट खोदण्याचा विचार सोडून द्यावा आणि कालवा भूमीवरून काढावा, असेच मत नोंदविले. त्या समितीपुढे श्रद्धेचा प्रश्न नव्हता, सरकत्या वाळूचा होता, ही गोष्ट आज आवर्जून लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तामिळनाडूत ही मागणी जनसामान्यांच्या जिव्हाळ्याची होती. १९६७ साली तेथील मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी तिच्यासाठी राज्यभर एक दिवस पाळला होता. दक्षिणेकडील कोरड्या, मागासलेल्या जिल्ह्यांना बंदर, व्यापार आणि रोजगार मिळावा, ही त्यामागील भावना. तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

अखेर २ जुलै २००५ रोजी मदुराई येथे तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ‘सेतुसमुद्रम्’ प्रकल्पाचा शुभारंभ झाला. खर्चाचा अंदाज २,४२७ कोटी रुपये. मार्गाची लांबी १६७ किलोमीटर, रुंदी ३०० मीटर, खोली १२ मीटर. सव्वाआठ कोटी घनमीटरच्या आसपास गाळ-वाळू उपसावयाची. मोबदल्यात जहाजांचा ४२४ सागरी मैलांपर्यंत प्रवास आणि ३० तासांपर्यंत वेळ वाचेल, असे सांगितले गेले. या प्रकल्पाचा पर्यावरणीय अभ्यास आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने केला होता. ज्या मार्गांचा विचार झाला त्यांपैकी सहाव्या क्रमांकाचा मार्ग निवडला गेला आणि तो नेमका सेतूला छेदून जाणारा होता.

पुढचा इतिहास वाचकांना स्थूलमानाने ठाऊक आहे. ३१ ऑगस्ट २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेतूला धक्का लावू नये असा अंतरिम आदेश दिला. त्याच सप्टेंबरात पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने प्रतिज्ञापत्र केले की, रामायण हा काही त्यातील व्यक्ती आणि घटना खरोखर होऊन गेल्याचा निर्विवाद पुरावा नव्हे. देशभर क्षोभ उसळला आणि ते प्रतिज्ञापत्र काही दिवसांतच मागे घ्यावे लागले. २००८ साली डॉ. राजेंद्र पचौरी यांची समिती पर्यायी मार्ग शोधण्यासाठी नेमली गेली. धनुष्कोडीवरून जाणारा तो पर्यायही आर्थिक आणि पर्यावरणीय दृष्ट्या परवडणारा नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. २०१३ साली केंद्र सरकारने तो निष्कर्ष बाजूला सारून मूळ मार्गाचाच आग्रह धरला. २०१८ साली नव्या केंद्र सरकारने सेतूला बाधा येईल असा मार्ग स्वीकारणार नसल्याचे न्यायालयात सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये तामिळनाडूच्या विधानसभेने प्रकल्प पुन्हा हाती घ्यावा असा ठराव एकमताने केला. आणि त्याच महिन्यात सेतूला राष्ट्रीय वारसा म्हणून घोषित करण्याच्या मागणीबाबत सरकारकडे निवेदन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्जदारांना सुचविले. म्हणजे उपसा थांबला, सातशे कोटींहून अधिक रुपये समुद्रात गेले. वाद मात्र तरंगतच राहिला.

एका चुकीची कबुली

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. २००७ सालच्या त्या खळबळीत मीही गावोगाव कीर्तनातून सेतुबंधाचे आख्यान लावीत होतो. एके ठिकाणी मी गादीवरून ठणकावून सांगितले की, अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने उपग्रहातून छायाचित्रे घेऊन हा सेतू मनुष्यनिर्मित असल्याचे सिद्ध केले आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घ्यायला आलेला महाविद्यालयातील एक मुलगा हळूच म्हणाला, “बुवा, नासाने तसे म्हटलेले नाही. छायाचित्रे त्यांची आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष त्यांचा नाही.”

मी त्या वेळी त्याला काही उत्तर दिले नाही. घरी येऊन माहितगारांकडून चौकशी केली, तेव्हा मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. अंतराळातून काढलेल्या छायाचित्रावरून एखाद्या उथळाचे वय किंवा कर्ता ठरविता येत नाही, असा खुलासा त्या संस्थेकडून झालेला होता. दुसऱ्या वर्षी त्याच गावी त्याच गादीवरून मी ती चूक श्रोत्यांपुढे कबूल केली. टाळ्या झाल्या नाहीत. पण तो मुलगा शेवटच्या आरतीपर्यंत बसून होता.

तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. श्रद्धेला आधार म्हणून आपण जेव्हा कच्चा पुरावा उभा करतो, तेव्हा श्रद्धा बळकट होत नाही. पुराव्याबरोबर तीही कोसळावी अशी सोय मात्र आपण करून ठेवतो. भूशास्त्र सांगते की, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती आणि लंका भारताशी भूमीनेच जोडलेली होती. पुढे पाणी चढले. ही उथळे म्हणजे त्या जुन्या जोडणीवर साचत गेलेली वाळू, प्रवाळ आणि चुनखडी, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. २०२४ साली आपल्याच देशातील शास्त्रज्ञांनी उपग्रहावरील लेसर-किरणांच्या साहाय्याने सेतूचा पाण्याखालील २९ किलोमीटर लांबीचा नकाशा सिद्ध केला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासाच्या प्रस्तावाला २०२१ मध्ये मान्यता मिळाली होती. हे संशोधन व्हावे, त्याचे निष्कर्ष जसे असतील तसे प्रसिद्ध व्हावेत. रामभक्ताला सत्याचे भय असण्याचे कारण काय? एकवचनी पुरुषाची उपासना करणाऱ्यांनी अनेकवचनी युक्तिवाद करू नयेत.

आणि वारसा म्हणून एखादी वस्तू जतन करावयाची तर ती मनुष्याने घडविलेलीच असली पाहिजे, हा नियम तरी कोणी केला? गोवर्धन कोणी बांधला नाही, कैलास कोणी रचला नाही, गोदावरी कोणी खोदली नाही. ऑस्ट्रेलियातील उलुरू हा प्रचंड खडक तेथील आदिवासींना पूज्य आहे. तो निसर्गनिर्मितच आहे. तरीही १९९४ साली जागतिक वारसा म्हणून त्याचे सांस्कृतिक मोल मान्य झाले, आणि २०१९ पासून त्यावर चढण्यास बंदी झाली. न्यूझीलंडमधील टोंगारिरो पर्वतालाही माओरी लोकांच्या श्रद्धेमुळे १९९३ साली असाच मान मिळाला. तेव्हा ‘सेतू कोणी बांधला हे आधी सिद्ध करा, मग रक्षणाचे पाहू’, ही अट मुळातच गैरलागू आहे. जेथे हजारो वर्षे कोट्यवधी माणसांचे चित्त गुंतले, ते स्थळ त्या गुंतण्यामुळेच वारसा झाले आहे.

या गुंतण्याचा पुरावा मात्र भक्कम आहे. वाल्मीकींच्या युद्धकांडात पाच दिवसांत शंभर योजने लांब आणि दहा योजने रुंद सेतू बांधल्याचा तपशीलवार वृत्तान्त आहे. महाभारतातील रामोपाख्यानात या सेतूला ‘नलसेतू’ म्हटले असून, तो आजही पृथ्वीवर प्रसिद्ध आहे अशी पुस्ती जोडली आहे. कालिदासाच्या रघुवंशात पुष्पक विमानातून परतताना श्रीराम सीतेला प्रथम दाखवितात तो सेतूने दुभंगलेला समुद्रच. आपण मराठी माणसांनी तर विशेष अभिमानाने सांगावे की, सेतुबंधावरील सर्वांत प्रसिद्ध प्राकृत महाकाव्य ‘सेतुबंध’ हे पाचव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने रचले. त्याची राजधानी रामटेकजवळ होती आणि काव्याची भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मायबोलीची पूर्वज. पुढे आमच्या पैठणच्या नाथांनी भावार्थरामायणात आणि समर्थांनी आपल्या युद्धकांडात हेच आख्यान मराठी मनात रुजविले. रामनाडच्या राजांनी तर ‘सेतुपती’ ही पदवी धारण केली होती. आपल्या आजोबा-पणजोबांनी काशीची गंगा रामेश्वराला आणि सेतूची वाळू प्रयागला नेली, ती कोणत्या शिलालेखाच्या आधाराने नव्हे.

‘भंगलेल्याची पूजा’ हा आक्षेप

२००८ साली सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात असा युक्तिवाद झाला की, काही पुराणांच्या कथेनुसार श्रीरामांनी स्वतःच परतीच्या वेळी हा सेतू भंग केला. आणि भंगलेली वस्तू पूजनीय राहत नाही. धनुष्याच्या टोकाने, म्हणजे कोटीने, सेतू मोडला म्हणून ‘धनुष्कोडी’ हे नाव पडले, ही कथा खरीच प्रचलित आहे. तेव्हा या आक्षेपाला शास्त्रानेच उत्तर दिले पाहिजे.

खंडित मूर्तीची पूजा करू नये, असा नियम आहे. पण हा नियम प्रतिष्ठापित मूर्तीचा आहे, क्षेत्राचा नव्हे. मूर्तीत मंत्राने देवत्व आणले जाते आणि ती भंगल्यास विसर्जन करून दुसरी बसविता येते. क्षेत्राचे तसे नसते. तेथे देवत्व आवाहनाने येत नाही, विसर्जनाने जात नाही. नदीचे पात्र आटले म्हणून तीर्थ नाहीसे होत नाही. शिवाय ज्याने बांधले त्यानेच मोडले ही कथा मान्य केली, तर ते मोडणेही लीलाच ठरते आणि धनुष्कोडीचे माहात्म्य त्या लीलेनेच वाढले आहे. स्कंदपुराणातील सेतुमाहात्म्य या स्नानाचेच गुण गाते. म्हणून हा युक्तिवाद टिकणारा नाही.

नाथसागराच्या काठावरून

एवढ्यावरून वाचकांचा असा समज होईल की, हा बुवा प्रकल्पांचाच वैरी दिसतो. तसे नाही. मी पैठणचा. माझ्या शाळकरी वयात आमच्या गावाशेजारी जायकवाडीचे धरण उभे राहत होते. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पाया घातला, १९७६ साली ते पूर्णत्वास गेले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत आणि तिच्या मागे नाथसागर. शंभरावर गावांना त्या पाण्याची झळ लागली. माझ्या आत्याचे गाव त्यांतलेच. तेथील मारुती नव्या गावठाणात वाजतगाजत नेला; मीही त्या मिरवणुकीत झांज वाजवीत चाललो होतो. आत्या मात्र जुन्या घाटाच्या पायरीवर बसून राहिली. ती एवढेच म्हणाली, “देव नेला रे बाळा, घाट कसा नेशील?”

ते वाक्य मी विसरलो नाही. तरीही मी आज ज्या नळाचे पाणी पितो ते नाथसागराचे आहे. मराठवाड्याच्या कितीतरी शिवारांत त्यामुळे ऊस-कापूस उभा राहिला, शहरे जगली. आत्याच्या मुलांनीही पुढे त्याच पाण्यावर बागायत केली. घाट गेला त्याचे दुःख खरे आणि पाणी आले त्याचा आनंदही खरा. म्हणून विकास विरुद्ध श्रद्धा असा सरधोपट वाद मला मान्य नाही. प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारले पाहिजेत : जे जाणार ते पुन्हा मिळविता येईल काय? आणि जे येणार ते खरोखर कोणाची तहान भागविणार आहे?

तहानेचा विषय निघाला की आम्हा पैठणकरांना नाथ आठवतात. काशीहून कावडीने आणलेली गंगा रामेश्वराला घालण्यासाठी नेत असता वाळवंटात तहानेने तळमळणारे गाढव दिसले आणि नाथांनी ते पाणी त्याच्या मुखात ओतले. रामेश्वर येथेच पावला, असे म्हणाले. ही कथा रामेश्वराच्याच यात्रेची आहे, हे विशेष. तिचा आधार घेऊन मी स्वतःलाच प्रश्न केला : उद्या जर खरोखर दिसले की या कालव्याने त्या किनाऱ्यावरील गरिबांच्या चुली पेटणार आहेत, तर नाथांचा वारकरी म्हणवून घेणाऱ्याने सेतूचा आग्रह धरावा काय? प्रामाणिकपणे सांगतो, मग माझा आग्रह लंगडा पडेल.

परंतु तहान कोणाची, हे पाहू गेले असता चित्र निराळे दिसते. हा कालवा ३०,००० टनांपर्यंतच्या जहाजांसाठी आखलेला होता. आजची मोठी मालवाहू जहाजे त्याहून कितीतरी मोठी आहेत आणि ती या वाटेने जाऊच शकणार नाहीत. कालव्यातून जहाजाला मंदगतीने, वाटाड्याच्या साहाय्याने जावे लागते, शुल्कही भरावे लागते. त्यामुळे वाचलेल्या तासांतले बरेच तास तेथेच खर्ची पडतात. युरोप-आफ्रिकेकडून येणाऱ्या जहाजांची बचत तर आणखी अल्प, हे अर्थशास्त्रज्ञांनी त्याच वेळी दाखवून दिले होते. त्यात त्या समुद्राची वाळू स्थिर नाही. एकदा खोदून भागत नाही, दरवर्षी उपसत राहावे लागते. दरम्यान परिस्थितीही पालटली. केरळातील विळिंजम येथे नैसर्गिक खोली लाभलेले मोठे बंदर २ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाले आहे. परदेशी बंदरांत माल उतरवून घेण्याची गरज ज्यामुळे कमी व्हावी, असा मार्ग सेतूला हात न लावताही निघतो आहे.

आणि त्या किनाऱ्यावरचा कोळी? काही वर्षांपूर्वी यात्रेकरूंसह रामेश्वरला गेलो असता एका वृद्ध नावाड्याशी दुभाष्याच्या मदतीने बोललो. कालव्याविषयी विचारताच तो म्हणाला की, जहाज जाईल, पण माझे जाळे कोठे टाकू? त्या बोलण्यात राजकारण नव्हते. मन्नारच्या आखातातील २१ बेटांचा परिसर १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. प्रवाळ, समुद्रगवत, कासवे मिळून ३,६०० हून अधिक जातींचे जीव तेथे नांदतात. समुद्रगवतावर चरणारा, लाजाळू असा ‘समुद्रगाय’ नावाचा प्राणी तेथे उरला आहे; त्याच्यासाठी तामिळनाडू शासनानेच २०२२ साली पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र घोषित केले. कोट्यवधी घनमीटर गाळ ढवळला, तर ते गवत आणि ती मासळी यांचे काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. १९६४ सालच्या डिसेंबरात २२-२३ तारखेच्या रात्री झालेल्या चक्रीवादळाने धनुष्कोडी गाव पुसून टाकले, शंभराहून अधिक उतारूंसह सबंध आगगाडी लाटांनी गिळली. त्या समुद्राशी खेळताना दहा वेळा विचार केलेला बरा. सुनामीच्या लाटांना हा कालवा वाट करून देईल काय, अशी शंकाही या विषयातील एका जाणत्या शास्त्रज्ञाने, डॉ. टॅड मूर्ती यांनी, व्यक्त केली होती.

म्हणजे तहानलेले गाढव कालव्याच्या बाजूला नाही, सेतूच्या बाजूला आहे. शिवाय नाथांनी दिली ती स्वतःची कावड, दुसऱ्याची नव्हे. आणि गंगा पुन्हा भरून आणता येत होती. सेतू एकदा छेदला तर पुन्हा बांधायला नल-नील येणार नाहीत.

समुद्राचे उत्तर

वाल्मीकींनी या प्रसंगी एक विलक्षण संवाद घातला आहे. तीन रात्री दर्भासनावर पडून प्रार्थना केली तरी समुद्र प्रकट होत नाही, तेव्हा श्रीराम क्रुद्ध होऊन बाण लावतात. समुद्र शोषून टाकीन म्हणतात. लक्ष्मण धनुष्य धरतो. मग समुद्र हात जोडून पुढे येतो. तो काय म्हणतो, हे ध्यानात घ्या. तो सांगतो की, पृथ्वी, वायू, आकाश, जल, तेज ही सारी आपापल्या स्वभावात राहतात. अगाध असणे हा माझा स्वभाव आहे, उथळ होणे ही विकृती होय. जलचरांनी भरलेले हे पाणी मी लोभाने किंवा भयाने थिजविणार नाही. परंतु तुझे कार्य अडू नये म्हणून वाट करून देतो. आणि चढविलेला अमोघ बाण प्रभू समुद्रावर सोडीत नाहीत, अन्यत्र सोडतात.

सामर्थ्य असूनही प्रभूंनी समुद्र आटविला नाही. त्याच्या स्वभावाला सांभाळून कार्य साधले. आज यंत्राचे सामर्थ्य आपल्या हाती आहे आणि बाण चढविलेला आहे. तो सोडावा की लक्ष्मणाचे ऐकावे, एवढाच प्रश्न आहे. ‘सेतु’ हा शब्दही बांधणे या अर्थाच्या धातूपासून आला. तो जोडणारा पूल आहे, तसाच पाण्याला आवरणारा बांधही आहे. मर्यादापुरुषोत्तमाच्या नावाने ओळखला जाणारा सेतू ही मर्यादेचीच खूण समजावी.

करावयाचे काय?

राज्यघटनेने नागरिकांच्या कर्तव्यांत वारशाचे जतन आणि निसर्गाचे रक्षण ही दोन्ही कर्तव्ये शेजारी शेजारी सांगितली आहेत. सेतू हे त्या दोहोंचे एकत्र स्थान आहे. म्हणून त्याला केवळ पुरातन बांधकाम म्हणून नव्हे, तर निसर्ग आणि संस्कृती यांचा संयुक्त वारसा म्हणून संरक्षण मिळावे. श्रीलंकेलाही त्यात सहभागी करून घ्यावे, कारण सेतूचे दुसरे टोक तेथे आहे. दुसरे असे की, तामिळनाडूच्या दक्षिण जिल्ह्यांची विकासाची मागणी न्याय्य आहे. ती बंदरे, रेल्वे आणि मत्स्यव्यवसाय यांतून पुरी करण्याची जबाबदारी आपण सर्वांनी उचलली पाहिजे. ‘सेतू वाचला, आमचे काम झाले’ असे म्हणून मोकळे होणे हा धर्म नव्हे.

तेथील परंपराही एकट्या आपली नाही. डॉ. अब्दुल कलाम यांचे वडील रामेश्वरहून धनुष्कोडीला यात्रेकरूंना नेण्यासाठी नाव बांधीत होते, ही हकीकत ‘अग्निपंख’ वाचलेल्या घरांना ठाऊक असेल. सेतूच्या नावाने कोणाविरुद्ध आरोळी ठोकणे हे त्या नावेत छिद्र पाडण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःविषयी. रामेश्वरच्या अग्नितीर्थावर स्नान करून अंगावरची वस्त्रे तेथेच समुद्रात सोडून देण्याचा प्रघात अनेक यात्रेकरू पाळतात. फुले, पिशव्या, निर्माल्यही त्याच पाण्यात. ज्या समुद्रात उपसायंत्र चालू नये म्हणून आपण न्यायालयात जातो, त्याच समुद्रात आपण गाळ टाकीत असू, तर आपला अधिकार कोठे राहिला? यंदा ज्या घरांतून काशी-रामेश्वर यात्रेचा बेत असेल, त्यांनी एवढा नेम करावा : सेतूची चिमूटभर वाळू आणावी आणि तेथे काही टाकू नये.

२०२५ सालची रामनवमी ६ एप्रिलला होती. त्या दिवशी पांबनच्या खाडीवरील नव्या रेल्वे पुलाचे उद्घाटन झाले. १९१४ सालचा जुना पूल थकला होता. दोन किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीच्या या नव्या पुलाचा मधला ७२.५ मीटरचा भाग सरळ १७ मीटरपर्यंत वर उचलला जातो. खालून नाव जाते, मग पूल खाली येतो आणि वरून यात्रेकरूंची गाडी जाते. तेथे समुद्र आटवावा लागला नाही, नावेलाही अडवावे लागले नाही. माणसाने आपलीच बांधणी थोडी वर उचलून घेतली.

आज माध्यान्ही पाळण्याची दोरी हाती घ्याल तेव्हा मुलांना हा पूल सांगा, सेतू सांगा आणि धनुष्य धरणारा लक्ष्मणही सांगा. सुंठवडा हातावर ठेवताना एवढे आख्यान पुरे आहे. जय जय रघुवीर समर्थ!